हिरोच्या मागची मुंबई

रत्नागिरीच्या बंदराला लागून असलेल्या वाडीत राहणाऱ्या सगुणाने सिनेमे काही कमी पाहिले नाहीत, पण एकाही हिरोचा चेहरा तिला धड सांगता येणार नाही. हिरो नाचत असो की चारजणांना लोळवत असो, सगुणाची नजर त्याच्या खांद्यावरून पलीकडे. मागच्या रस्त्यावर कोण चाललंय, बसच्या खिडकीत कोण बसलंय, चहाच्या टपरीवर पाठमोरा उभा आहे तो वळतोय का. ही खोड तिची स्वतःची नव्हे. सासूने लावलेली.

लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा सासू गुणवंती अजून ताठ होती. पहाटे बंदरावर जायची, मासळीच्या लिलावात पुरुषांच्या वरताण आवाज चढवायची. घरात सगळ्या विषयांवर बोलणं व्हायचं, एक नाव सोडून. ते नाव थोरल्या दिराचं, महिपतचं. बापाशी लाँचवर भांडण झालं आणि तो तरुणपणीच मुंबईला निघून गेला होता. गोदीत कामाला लागला, काही दिवस पत्रं आली, एका गणपतीला येतो म्हणाला आणि आला नाही. सासरे शोधायला गेले. तो राहायचा त्या खोलीवरची माणसं म्हणाली, सोडून गेला. कुठे गेला ते कुणाला ठाऊक नव्हतं. सासरे परत आले ते जणू अर्धेच आले. समुद्राने माणूस नेला तर कधीतरी काठाला तरी लावतो, मुंबईने तेवढंही केलं नाही, असं गुणवंती एकदाच बोलली आणि सगुणाने ते कायमचं ध्यानात ठेवलं.

वाडीत कुणाकडे सत्यनारायण असला की भाड्याने व्हीसीआर आणायची तेव्हा पद्धत होती. पोथी झाली, प्रसाद झाला की अंगणात टीव्ही मांडायचे. बायाबापड्या गाण्यांसाठी बसायच्या. गुणवंती सगळ्यांत पुढे बसायची आणि नव्या सुनेला शेजारी ओढून घ्यायची.

"माझी नजर आता अधू झालीय गो. तू बघ. पुढं नाचतोय त्याला बघू नको, तो खोटा. त्याच्या मागं बघ. मागची मुंबई खरी असते."

सगुणा बघायची. महिपतला तिने जन्मात पाहिलं नव्हतं. भिंतीवर एक फोटो होता आणि उजव्या भुवईवर वल्ह्याचा मार लागून पडलेला व्रण, एवढीच खूण. तेवढ्यावर ती मुंबईच्या गर्दीत दीर शोधायची. सिनेमा संपला की सासू विचारायची नाही, नुसतं सुनेच्या तोंडाकडे बघायची. सगुणा मान हलवायची. मग दोघी उठून भांडी घासायला बसायच्या.

गुणवंती गेली. फोटो अजून भिंतीवर आहे. देवीपुढे नारळ ठेवताना महिपतच्या नावाचा एक वेगळा ठेवायची सासूची रीत सगुणाने मोडली नाही. आणि सिनेमात हिरोच्या मागे बघायची सवयही सोडली नाही.

अशा रीतीने तिला मुंबई पाठ झाली. तिला एसटीत बसलं की पोटात ढवळतं, म्हणून माहेर बुरोंडी आणि सासर रत्नागिरी यापलीकडे ती कुठे गेली नाही. तिच्या मनातल्या मुंबईत एक मोठं स्टेशन होतं. स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं की लगेच समुद्राकाठचा दिव्यांचा वळणदार रस्ता. रस्ता संपला की धुक्यातली गोदी आणि गोदीत लोखंडी दाराचं गोदाम. गावाकडची मुलगी गाडीतून उतरायची, कुणीतरी गोड बोलून तिची पिशवी हातात घ्यायचा आणि गाणं संपायच्या आत ती त्या गोदामात पोचलेली असायची. मध्ये कुठे भाजीबाजार नाही, शाळा नाही, धुणं वाळत घातलेलं नाही. गोदामाच्या पुढे काय होतं ते सगुणाला बघवायचं नाही. तिथे ती डोळे मिटून देवीचं नाव घ्यायची.

आणि नेमकी नेत्राला नोकरी लागली ती मुंबईत, गोदीजवळच्या एका रुग्णालयात.

नेत्रा तिची एकुलती एक. रक्त तपासायचा कोर्स करून रत्नागिरीतच एका लहान लॅबमध्ये सुया टोचत होती. मुंबईचं बोलावणं आलं तेव्हा घरभर आनंद झाला, सगुणाही हसली, देवीला साखर ठेवली. राहायची सोय रुग्णालयाच्याच वसतिगृहात होती. सोमवारपर्यंत होकार कळवायचा होता. वसतिगृह कुठेशी, असं सगुणाने सहज विचारलं. नेत्राने फोनवर नकाशा काढून दाखवला. हे रुग्णालय, हे वसतिगृह आणि ही लांबट भिंत दिसते ना, ती गोदीची.

सगुणाच्या हातातली परात खाली टेकली.

 दुसऱ्या दिवशी दुपारी बांगडे खारवता खारवता ती नेत्राला म्हणाली, मुंबईचा एखादा नवा सिनेमा लावून दे, गोदीतला. नेत्रा हसली. आईला आता मुंबईची गोडी लागली असं तिला वाटलं. आईचा फोन मिठाच्या डब्याला टेकवून, सिनेमा लावून ती कामाला निघून गेली.

सिनेमा सुरू झाला. पडद्यावर आधी आकाशातून दिसणारे दिवे, मग मोठ्या अक्षरांत मुंबई. एक मुलगी गावाहून येते. सगुणाचे हात माशांत आणि डोळे मुलीच्या मागे. स्टेशन तेच, रस्ता तोच. मग गोदी आली. निळा उजेड, धूर, लोखंडी दार. दोन माणसं मुलीला ओढत नेताहेत. सगुणा डोळे मिटणार, तेवढ्यात मुलीच्या पाठीमागे धुरातून काहीतरी पुढे आलं. हिरवा खण. खणाच्या टोकाला लाल रिबीन, दुहेरी फाशाची गाठ मारलेली. क्षणभरच. मग धूर आला आणि मुलगी ओरडली.

फोन मिठात पालथा पडला.

ती रिबीन नेत्राची होती. ती गाठ सगुणाच्या हातची होती.

हे जरा उलगडून सांगायला हवं. नारळीपौर्णिमेला पुरुष समुद्राला नारळ देतात, तशी घरची बाई होडीच्या नाळेची, म्हणजे पुढच्या तोंडाची, ओटी भरते. कोळ्याच्या घरात नाळ म्हणजे देवघर. तिथे कुणी चपला घालून पाय ठेवत नाही, की तिच्याकडे पाठ करून बसत नाही. सगुणा नाळेला हिरवा खण बांधायची. मोठी लाँच घेतली त्या वर्षी खण पुरेना. तेव्हा तिने नेत्राच्या वेणीतली शाळेची लाल रिबीन सोडून त्याला जोडली आणि तिच्या माहेरी बुरोंडीला दालदी मच्छीमार बांधतात तशी दुहेरी फाशाची गाठ मारली. तेव्हापासून दरवर्षी खण नवा आणि रिबीन तीच. पोरीचा केस वाकडा होऊ नये म्हणून.

आता ती रिबीन मुंबईच्या गोदीत, ओढत नेलेल्या मुलीच्या पाठीशी दिसली होती. पुढचं खोटं असतं, मागचं खरं असतं, हे तर सासूने शिकवलेलं. आपली लाँच रत्नागिरीच्या बंदरात, ही गोदी मुंबईत. मग रिबीन तिथे जायची कशी? सगुणाला एकच उत्तर सुचलं. देवीने दाखवलं. दृष्टान्त स्वप्नातच होतो असं कुठे लिहिलंय. जिला आयुष्यभर पडद्यात बघायची सवय, तिला देवी पडद्यातच दाखवणार.

मिठातून फोन काढायला तिचे हात धजेनात. कापडाने धरून काढला आणि बंद केला.

संध्याकाळी जेवताना तिने सांगून टाकलं की नेत्राने मुंबईला जायचं नाही. का, ते सांगितलं नाही. अशुभ बोलून दाखवलं की त्याला वाट मिळते, असं ती मानायची. आत्माराम, तिचा नवरा, ताटावरून मान वर न करता म्हणाला की हे तुम्ही मायलेकी बघा. लाँच घेऊन तो मुंबईच्या समोरून कैकदा गेला होता. मुंबई कशी आहे असं कुणी विचारलं की त्याचं ठरलेलं उत्तर होतं, लांबून बरी दिसते.

नेत्राने मात्र घास खाली ठेवला. आधी समजुतीने विचारलं, मग चिडून. इथे रत्नागिरीत मुलींना काही होत नाही काय, वाडीतल्या किती जणी मुंबईला आहेत, त्यातल्या कुणाला गोदामात कोंडलं, असं सगळं बोलून घेतलं. सगुणा ताक ढवळत राहिली.

"आये, तू मुंबईला घाबरतेस की सिनेमाला?" नेत्रा शेवटी म्हणाली.

"माझ्याकडं दुसरी मुंबई हाय कुठं?"

नेत्राने ताट सरकवलं. ती उठून गेली. रडली असेल, पण आवाज आला नाही, आणि तेच सगुणाला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगुणा डोक्यावरून न्हाऊन वाडीच्या देवीला गेली. कौल लावायचा होता. आपल्याकडे अडल्या प्रसंगी देवीला विचारतात. गुरव ओल्या पाकळ्या देवीच्या दोन्ही अंगांना चिकटवतो, उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. बाळा गुरवाने गाऱ्हाणं घातलं, पाकळ्या लावल्या आणि तो बाजूला बसला. सगुणा हात जोडून उभी. तिने मनात विचारलं, मी बघितलं ते खरं ना?

पाकळी हलेना. समईची वात एकदा सारून झाली, एक माणूस येऊन नारळ ठेवून गेला, तरी दोन्ही पाकळ्या जिथल्या तिथे.  देवी बोलत नाही याहून वाईट कौल नाही, असं सगुणाला वाटलं.

बाळाने विचारलं, मनात काय घातलंस. सगुणाला सांगावं लागलं. सिनेमा, गोदी, रिबीन, सगळं. पहिल्यांदाच तिने ते तोंडातून काढलं आणि सांगताना तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला. बाळा वयाने तिच्याहून धाकटा, पण गुरवपण अंगात मुरलेलं. तो हसला नाही. पाकळ्या त्याने हलकेच काढून तिच्या ओंजळीत दिल्या.

"वैनी, डोळ्यांनी बघितलंस ते पयलं डोळ्यांनीच नीट बघ. तेवढ्यासाठी देवीला कशाला उभी करतेस? बघून उरेल ते घेऊन ये."

पुन्हा बघायचं. सगुणाला ते नारळीपौर्णिमेच्या आधी समुद्रात उतरण्यासारखं वाटलं. पण देवळातून निघालेलं पाऊल घराकडे न वळता कनीजकडे वळलं.

कनीज तिची शेजारीण. दोघींचं सुकट एकाच अंगणात वाळतं, एकीचं राखायला दुसरी बसते. कनीजचा नवरा करीम आखातात जहाजावर. त्याने पाठवलेला टीव्ही भिंतभर. लग्नानंतरची पहिली काही वर्षं कनीज मुंबईला कुर्ल्याला राहून आलेली, पण ती मुंबईबद्दल फारसं बोलायची नाही आणि सगुणानेही कधी विचारलं नव्हतं. जिथे दीर हरवला तिथलं काय विचारायचं.

एकटीने बघवत नाही, एवढंच सगुणाने सांगितलं. कनीजने खिडकीचा पडदा ओढला, सिनेमाचं नाव विचारून लावला आणि तिच्या शेजारी पाय पोटाशी घेऊन बसली. गोदी येईपर्यंत सगुणाने पदराचं टोक दातात धरलं होतं. निळा उजेड आला. धूर आला.

"थांबव, भाबी."

कनीजने थांबवलं. भिंतभर मोठी, थरथरत थांबलेली ती गोदी. मुलीच्या मागे हिरवा खण, लाल रिबीन, दुहेरी फासा. फोनवर जे नखाएवढं होतं ते आता हाताएवढं होतं. आणि खण नुसता हवेत नव्हता. तो एका नाळेला बांधलेला होता. नाळेवर एक पाय होता, जाड तळव्याचा, काळ्या बुटातला.

सगुणाला बुटाकडून नजर हटवता येईना. कनीज मात्र भलतीकडेच बघत होती.

"अगे सगुणा, ही तर आपली बर्फाची फॅक्टरी."

सगुणाला कळलंच नाही. कनीज उठून टीव्हीपाशी गेली आणि बोट लावून दाखवू लागली. हे लोखंडी दार, याचा खालचा पत्रा गंजून फाटलाय, तिथून मांजर आतबाहेर करतं. इथे फॅक्टरीची पाटी असते, तिच्यावर यांनी दुसरी लावलीय. मागची मोठी आगबोट कुठून आली देव जाणे, ती काही इथे नव्हती. आणि मग कनीजने सगळं सांगितलं. गेल्याच्या गेल्या वैशाखात, सगुणा आईच्या आजारपणासाठी बुरोंडीला होती तेव्हा, मुंबईच्या गाड्या आल्या होत्या. मुंबईच्या गोदीत परवानगी मिळेना, म्हणून इथे मुंबई करायला आले होते. यंत्राने धूर सोडत होते. त्या धुराने कनीजचं अंगणभर सुकट असं वासाचं झालं की कोंबड्यांनीसुद्धा तोंड फिरवलं. ओढून नेलेली ती मुलगी तर कनीजच्याच ओटीवर बसून चहा प्यायली होती आणि डास फार चावतात म्हणून कुरकुरत होती.

"तुला सांगितलेलं मी, शूटिंग झालं म्हणून. तू आईच्या दुखण्यात. तुझं लक्ष कुठं होतं?"

सांगितलं असेल. सगुणाला आठवत नव्हतं. ती भिंतीवरच्या चित्राकडे बघत होती आणि तिला हळूहळू आपलं बंदर दिसू लागलं होतं, जसं धुकं विरताना खडक दिसतो. हा धक्का. ही दोर बांधायची खुंटी, जिच्यावर लहानपणी नेत्रा घोडा घोडा करायची. हेच ते गोदाम, ज्याच्या पुढे बघायचं नाही म्हणून सगुणा आयुष्यभर डोळे मिटत आली होती. त्याच्या दारावरून ती रोज पहाटे पाटी घेऊन जाते.

देवीच पाठीशी होती म्हणायला हवं. दृष्टान्त नव्हता. कनीजला वाटलं, आता सगुणा हसेल. सगुणाने दोन्ही हात तोंडावर घेतले.

"मग आमच्या आत्याबाई कुणाला बघत होत्या, भाबी?"

सासूला ती आत्याबाईच म्हणायची. कनीजला महिपतची गोष्ट ठाऊक होती, सगळ्या वाडीला होती. पण गुणवंती सिनेमे का बघायची हे तिला आज पहिल्यांदा कळत होतं. सगुणा तुटक तुटक सांगत गेली. पुढचा खोटा, मागचं खरं. म्हातारी त्यावर तगली. आणि मागचंही असं कुठल्या कुठल्या बंदरातलं, कुठल्या कुठल्या गावातली माणसं उभी करून केलेलं असेल, तर एवढी वर्षं दोघी कुणाच्या गर्दीत महिपतला शोधत होत्या? ज्या मुंबईत शोधलं तिथे तो नव्हताच. तो होता ती मुंबई त्यांना कुणी दाखवलीच नाही.

कनीजने टीव्ही बंद केला.  मग सगुणाने तो प्रश्न विचारला, जो तिने इतकी वर्षं अडवून धरला होता. खरी मुंबई कशी असते?

कनीजने खोटा धीर दिला नाही, ही तिची मोठी गोष्ट. तिने सांगितलं की पहाटे पाणी यायचं आणि हंड्यावरून भांडणं व्हायची, त्यातलीच एक बाई तिच्या बाळंतपणात चाळीस दिवस डबा देत होती. शेजारच्याचं नाव ठाऊक नसायचं, पण त्याच्या खोकल्यावरून तो कामावरून आला हे कळायचं. पावसात रस्त्याच्या गटाराचं झाकण उघडं राहिलं होतं, तिच्या डोळ्यांदेखत एक माणूस त्यात गेला. कुणी धरून नेलं नाही, कुणाचं वैर नव्हतं. चालता चालता गेला. त्याच्या छत्रीभोवती माणसं जमली, मग कामाला निघून गेली.

"त्याचा सिनेमा कोण काढणार?" कनीज म्हणाली. "त्यात मारणारा कुणी नाही."

 सगुणाला गोदाम पाठ होतं. गोदामाला दार होतं, दाराशी माणूस होता, त्याला शाप देता येत होता. या मुंबईला दारच नव्हतं. महिपतही कदाचित असाच गेला असेल, कुणी न नेता.

घरी येऊन तिने आत्मारामला फक्त विचारलं, आपल्या नाळेवर बूट कुणी चढवले. आत्मारामने एकदा तिच्याकडे आणि एकदा देवघराकडे पाहिलं. शूटिंगवाल्यांना लाँच दिली तेव्हा बूट काढून चढा असं त्याने सांगितलं होतं, ते म्हणाले पडद्यावर गुंड अनवाणी कसा चालेल. दुसऱ्या दिवशी त्याने नाळ नारळाच्या पाण्याने धुतली होती, पाया पडला होता. तिला सांगायचं धाडस झालं नव्हतं. सगुणा त्याच्यावर रागावली, पण तो राग तिला बराच बरा वाटला. रागावताना भीती जरा मागे सरते.

ती सरली ती पहाटेपर्यंतच. पहाटे नेहमीसारखी पाटी घेऊन ती धक्क्यावर निघाली आणि बर्फाच्या फॅक्टरीच्या दाराशी तिचे पाय थांबले. कुणी नव्हतं. गंजलेल्या पत्र्यातून मांजर बाहेर आलं आणि तिच्याकडे बघून परत आत गेलं. या दारावरून ती नवी नवरी म्हणून गेली होती, पोटुशी असताना गेली होती, नेत्राला काखोटीला मारून गेली होती, आणि कधी मान वळवून पाहिलं नव्हतं. आता तिला ते दार निळं दिसत होतं. मागे पाऊल वाजल्यासारखं झालं. तिने देवीचं नाव घेतलं आणि मागून येणाऱ्या कोळणींची वाट बघत उभी राहिली. त्या आल्या, काय गो आज अशी उभी, असं विचारत तिला ओढून घेऊन गेल्या. तिने कुणाला सांगितलं नाही. स्वतःच्या बंदराची भीती वाटते हे कुणाला सांगायचं?

पण त्या दिवशी मासळी वाटून घेताना तिच्या मनात एक गोष्ट बसली. सिनेमाने भीती तिच्या दारातच आणून ठेवली होती. नेत्राला घरी ठेवलं म्हणून भीती आत येणार नाही असं नव्हतं.

रविवारी ती पुन्हा देवळात गेली. बाळा गुरव पाकळ्या भिजवायला निघाला.

"नको," सगुणा म्हणाली. "कौल नको."

उरलेलं घेऊन ये असं तूच म्हणालास, तर ही भीती उरली, असं तिने त्याला सांगितलं. डावी पाकळी पडली तर पोरीला थांबवावं लागेल आणि उजवी पडली तर भीती वाटायची नाही असं थोडंच आहे. मग ती देवीसमोर बसली. मनात नाही, पुटपुटत बोलली. आई, मुंबई कशी हाय ते मला ठाऊक नाय. आत्याबाईंनासुद्धा ठाऊक नव्हतं. पोरगी जाते तर तिच्या मागं उभी राहा. एवढंच. महिपतचा नारळ तिने नेहमीप्रमाणे वेगळा ठेवला आणि नेत्राच्या नावाचा त्याच्या शेजारी ठेवताना तिचा हात मध्येच थांबला. दोन नारळ शेजारी शेजारी नको वाटले. तिने नेत्राचा उचलून देवीच्या पायाशी, अगदी चिकटून ठेवला.

सोमवारी नेत्राने होकार कळवला. का बदललं आईचं मन, ते तिने कनीजचाचीकडून काढून घेतलं असावं, कारण त्यानंतर ती सिनेमावरून एकदाही टोचून बोलली नाही. निघायच्या दिवशी दोघी धक्क्यावर गेल्या. नेत्रा चपला काढून नाळेच्या पाया पडली. रिबीन उन्हापावसाने गुलाबी झाली होती. ती सोडून बरोबर नेऊ का, असं तिने विचारलं. सगुणाने ठामपणे नको म्हटलं. ती इथेच बांधलेली राहू दे. कुणाचंतरी टोक इथे बांधलेलं असलं पाहिजे.

स्टेशनवर आत्मारामने बॅग चढवली. सगुणाने एकच बजावलं. रोज फोन करायचा, तोंड दाखवून करायचा. मी बरी आहे असं नुसतं सांगायचं नाही.

गाडी गेली आणि ती रात्र, दुसरा दिवस, सगुणाने कसा काढला ते देवी जाणे. भात करपला. कनीजचं सुकट राखायला बसली आणि कावळ्यांनी नेलं तरी कळलं नाही.

संध्याकाळी दिवा लावून ती उठतच होती तेव्हा फोन वाजला. पडद्यावर नेत्रा होती, घामेजलेली, हसणारी. खोली दुसऱ्या मजल्यावर आहे, सोबतची मुलगी सांगलीची आहे, जेवणात मासे नाहीत, असं सगळं भराभर बोलत होती. आत्माराम मागून मान पुढे काढून ऐकत होता आणि हं हं करत होता.

सगुणा हं करत नव्हती. नेत्राच्या मागे एक रस्ता होता. तिथे निळा उजेड नव्हता, धूर नव्हता, वळणदार दिवेही नव्हते. एका खिडकीबाहेर परकर वाळत होता. बसथांब्यावर माणसं उभी होती, कामावरून सुटलेली, पिशव्या घेतलेली. कुणी त्यांना उभं केलं नव्हतं. त्यात एक म्हातारा होता, पाठमोरा, खांदे जरा वाकलेले. त्यांच्यामागे एक भिंत लांबच लांब गेली होती, नकाशातली गोदीची तीच असणार.  भीती होतीच, कालच्यापेक्षा कणभरही कमी नव्हती. पण सासूने शिकवलेली नजर आपोआप कामाला लागली होती, एकेक तोंड घेत, एकेक भुवई बघत.

"आये, ऐकतेस ना? काय बघतेस?"

"ऐकतेय गो. तू बोल," सगुणा म्हणाली. "फक्त जरा बाजूला हो."